मंग जालां कुठं?

दिवाळे गावातल्या आमच्या घरात
फ्रिजशेजारी, मिक्सरच्या जुन्या जागेवर
ती राहते.
काचेची पेटी, लांबीरुंदीला ऐसपैस,
उंचीला मात्र बेताची.
ती जमिनीवरची आहे. चढली,
आणि दोन वितींवरून पडली
तरी पोट फुटतं तिचं, पिकल्या चिकूसारखं.
माझा पंजा झाकेल एवढी बाई
आणि वितीला भ्यायचं.

कूळ ब्राझीलचं. जन्म भिवंडीत,
कुणाच्या तरी लोणच्याच्या बरणीत.
वाशीच्या लॅबमधल्या पोरानं मला दिली
तेव्हा मसुराच्या दाण्याएवढी होती.

आईनं पहिल्या दिवशी विचारलं,
"काय गो हर्षला, हा कोलीच ना?
मंग जालां कुठं?"
ही जाळं लावत नाही, आई.
बिळाच्या तोंडाशी बसते, पाय पुढे काढून.
येईल ते येईल.
"म्हंजे तुज्या बापासारकी,"
म्हणाली, आणि कांदा चिरायला लागली.

बाबांचं जाळं माळ्यावर आहे.
खाडीत टाकलं की पिशव्या यायच्या,
चपला यायच्या,
एकदा गणपतीचा हात आला, मोदकासकट.
त्यानंतर नाही टाकलं.
होडी आता पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवते,
दुसऱ्याच कुणाच्या हातानं.
बाबा पेटीसमोर स्टूल ओढून बसतात.
ती हलत नाही. तेही नाही.
"हिला दिसत नाय," एकदा म्हणाले,
"ही पायानं आयकते."
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.
दोरीवर बोट ठेवून
पाण्याखालचं काय ते
चाळीस वर्षं ओळखलंय त्यांनी.

आम्ही तिला बाय म्हणतो.
हाकेला येत नाही.
मला ओळखतही नाही.
माझा हात तिच्यासाठी हवामान आहे:
आभाळ सरकतं, वारा येतो,
एक रातकिडा पडतो.

भाद्रपदात तिनं अन्न टाकलं.
रातकिडा तिच्या पाठीवरून चालत गेला
तरी ढिम्म.
"सुका जवला ठेवून बघ,"
आईचा प्रत्येक आजारावरचा उपाय.
मग एका रात्री बाय उताणी, आठही पाय वर.
"गेली," आई म्हणाली,
आणि सवयीनं पदर डोक्यावर घेतला.
हात लावू नकोस, मी ओरडले.
कात टाकतेय ती.

शहरानंही कात टाकली म्हणतात,
बेलापूरच्या टॉवरांकडे बोट करून.
टाकलेली कात कुठे राहते
ते कुणी म्हणत नाही.
मी गावठाणात राहते, मला अंदाज आहे.

बाबांनी दिवा लावू दिला नाही.
उधाणाची वाट बघावी तसे बसून राहिले,
बिडीसुद्धा न पेटवता.
साडेतीनला पाठीवरचं कवच उघडलं, टोपणासारखं,
आणि पायांतून पाय
बाहेर यायला लागले,
इतके सावकाश
की मी एकदा डुलकी काढून उठले
तरी तिसराच पाय चालला होता.

सकाळी दोन बाय होत्या.
एक कोरडी, पोकळ.
एक ओली, दमलेली, दात पांढरेशुभ्र.
"आता खाईल?"
दहा दिवस नाही. दात मऊ असतात अजून.
आईनं कवळी घातली नव्हती.
तशीच हसली.

मादीच आहे, मी म्हणाले, कातीवरून कळलं.
म्हणजे वीस वर्षं जगेल.
आई पेरांवर मोजू लागली.
बाबांचं वय, मग स्वतःचं.
माझ्यापाशी आली तेव्हा
हात पदराला पुसला
आणि चहा ठेवला.

कात मी तळहातावर घेतली.
आहे की नाही कळेना.
"आन इकडं," बाबा म्हणाले,
शिडी लावून माळ्यावर चढले,
आणि जाळ्याच्या गुंडाळीत
ती ठेवून आले.

आज तिसरा दिवस.
डब्यातले रातकिडे जोरात ओरडतायत.
अजून सात दिवस आहेत त्यांना.